सोळाचा जिना का होत नाही?

एका शिक्षकांचा प्रश्न थोडक्यात असा: "चौथी-पाचवीला गणित शिकवतो. मुलांचे पाढे पाठ आहेत, बेरीज-वजाबाकी पक्की आहे, पण संख्यांमधला आकृतिबंध त्यांना आपणहून दिसत नाही. मणी, काड्या, चिंचोके सगळं देऊन पाहिलं. वर्गात गोंधळ होतो, तास संपतो आणि शेवटी नियम मलाच फळ्यावर लिहावा लागतो. कुठे चुकतंय?"

सर, तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते. नियम तुम्हाला फळ्यावर लिहावा लागतो, कारण तो तुमच्या खिशात तयार असतो आणि हे मुलांना पहिल्या पाच मिनिटांत कळलेलं असतं. चौथीतलं पोर भारी चलाख असतं. सरांना उत्तर माहीत आहे एवढं कळलं की ते चिंचोक्यांकडे बघत नाही, सरांच्या भुवयांकडे बघतं. "बरं… आणि मग?" असं आपण म्हटलं की हे चुकलं, आणि "हं!" म्हटलं की बरोबर. साहित्य मग नुसतं शोभेला उरतं.

मीही जिल्हा परिषदेच्या शाळेत बरीच वर्षं हेच केलं. फळ्यावर १, १ + ३, १ + ३ + ५ लिहायचे, शेजारी १, ४, ९ लिहायचे आणि विचारायचं, "काय दिसतंय?" पुढे बसलेला एक जण ओरडायचा, "वर्गसंख्या!" मागून सगळा वर्ग तेच म्हणायचा. मला वाटायचं, झालं. एकदा दोन महिन्यांनी सहज विचारलं, पहिल्या दहा विषम संख्यांची बेरीज किती? निम्म्या वर्गाने वहीत एकेक संख्या मिळवत नेली आणि दोघांची उत्तरं ९८ आली. ९८! शंभर यायला हवेत हे एकालाही खटकलं नाही. तेव्हा लक्षात आलं की त्या दिवशी 'वर्गसंख्या' हा शब्द वर्गात फिरला होता, नियम कुणालाच सापडला नव्हता.

आता सापडणं म्हणजे काय, ते एका तासावरून सांगते. हा उपक्रम मी इतक्या वेळा घेतला आहे की कुठे काय होणार ते साधारण ठाऊक असतं, तरी दर वेळी काहीतरी नवं निघतंच.

तीन-तीन मुलांचे गट करायचे. चौघं झाली की एक जण खिडकीबाहेर बघतो. प्रत्येक गटाला मोजून वीस चिंचोके द्यायचे. चिंचोक्यांच्या उभ्या रांगा लावून जिना करायचा. अट एकच, पुढची रांग मागच्या रांगेपेक्षा बरोबर एकने मोठी हवी. रांगा किमान दोन. पहिली पायरी एका चिंचोक्याचीच हवी असं नाही, दोनापासून, चारापासून, कुठूनही सुरू करा. प्रश्न असा की १ ते २० पैकी कोणकोणत्या संख्यांचा जिना होतो?

एवढं सांगून मी बाजूला होते. पहिली काही मिनिटं नुसता गलका. कुणीतरी २ आणि ३ लावून पाचचा जिना करतं, कुणी १, २, ३ लावून सहाचा. दहा मिनिटांत बहुतेक गटांना एक गोष्ट कळते की १ सोडला तर सगळ्या विषम संख्यांचा जिना होतो. का, तेही ती सांगतात: "दोन सारखे वाटे करायचे, एक उरतो, तो एका वाट्यात टाकायचा." तेराचे सहा आणि सात. हे वाक्य मुलाच्या तोंडून आलं की ते त्याच शब्दांत फळ्यावर लिहायचं. 'क्रमागत संख्या' वगैरे नाही. वाटे, उरतो, टाकायचा, हेच शब्द. कोणत्या गटाचं ते खाली लिहायचं.

मग सम संख्यांची पंचाईत सुरू होते. दोनचा होत नाही, चारचा होत नाही. एक गट जाहीर करतो, "सम संख्यांचा होतच नाही." मी हो-नाही काहीच म्हणत नाही, फळ्यावर लिहिते. दुसऱ्या गटाने सहाचा केलेला असतोच, तो उठून उभा राहतो. वाक्य खोडलं जातं, पण पुसायचं नाही, आडवी रेघ मारायची. पुढचा दावा येतो, "चारच्या पाढ्यातल्यांचा होत नाही." चार नाही, आठ नाही, जमतंय. तेवढ्यात कुणीतरी ३, ४, ५ मांडून बाराचा जिना दाखवतं आणि मग वीसचाही निघतो, २, ३, ४, ५, ६. यावरही रेघ. एव्हाना फळ्यावर न होणाऱ्या संख्या उरलेल्या असतात: १, २, ४, ८, १६.

दुप्पट होतंय हे इथे बऱ्याच मुलांना दिसतं. मला मात्र आठवते ती बस्करपट्टीच्या टोकाला बसणारी एक मुलगी. तासाला कधी बोलायची नाही. ती म्हणाली, "बाई, याचे अर्धे-अर्धे करत गेलं की एक येतो. बाराचे केले तर तीनवर अडकतं. जे अडकतात त्यांचाच जिना होतो." मी तीस वर्षांत पुस्तकांत वाचलेल्या कुठल्याही मांडणीपेक्षा ही मला आवडते. अडकणं. संख्येचे निम्मे करत जा, एकाच्या अलीकडे विषम संख्येवर अडकलात तर जिना होणार.

इथे बरेच शिक्षक टाळ्या वाजवून तास संपवतात. मी म्हणेन, खरा तास इथे सुरू होतो. मुलांना नियम दिसला आहे, पण तो का चालतो हे अजून कुणी सांगितलेलं नाही. मी विचारते, "बत्तीसचा होईल का?" गट चिंचोके एकत्र करतात, पंधरा मिनिटं खटपट करतात, होत नाही. "आम्ही करून बघितलं, झाला नाही" आणि "होणारच नाही" या दोन वाक्यांत केवढं अंतर आहे ते मुलांना शब्दांत समजावता येत नाही. एखाद्या खोडकर मुलाला नुसतं विचारायला लावायचं, "तुम्हाला जमला नसेल, म्हणून काय झालं?" याला उत्तर देताना गटाची जी चडफड होते ती बघण्यासारखी असते.

उत्तर त्या चिंचोक्यांतच असतं. ४, ५, ६ असा पंधराचा जिना समोर असू द्या. मोठ्या रांगेतला एक उचलून लहान रांगेत ठेवा. ५, ५, ५ झाले. जिन्याचा ओटा झाला! पाच रांगांच्या जिन्याचाही होतो, सात रांगांच्याही. रांगा विषम असल्या की मधली रांग जेवढी, तेवढ्या उंचीचा सपाट ओटा होतो. मग उलटं करा. बाराचे तीन सारखे वाटे होतात, ४, ४, ४. एका टोकाचा काढून दुसऱ्या टोकाला दिला की ३, ४, ५. सोळाचे तीन सारखे वाटे होत नाहीत, पाच होत नाहीत, सात होत नाहीत, म्हणून ओटा नाही, म्हणून जिनाही नाही. काही पोरं चौदावर जोर धरतात: सात वाटे दोन-दोनचे, मग टोकांकडून देवघेव करत गेलं तर −१, ०, १, २, ३, ४, ५ असा जिना येतो. पहिल्या रांगेत एक उसना! हा हिशेब चौथीतल्या एका गटाने "एक उधार, एक जमा, फिटला" असा मिटवला आणि २, ३, ४, ५ उरवून दाखवला. ऋण संख्या शिकवायला अजून दोन वर्षं होती.

दोन, चार अशा सम रांगांच्या जिन्याचं काय, हा अर्धा भाग राहतोच. त्यात पहिली आणि शेवटची रांग मिळवली, दुसरी आणि शेवटून दुसरी मिळवली की प्रत्येक जोडी सारखी येते आणि ती विषमच असते. म्हणजे इथेही सोळाला एखाद्या विषम संख्येने भाग जायला हवा, आणि तो जात नाही. हे सहावी-सातवीच्या आधी क्वचितच कुणी बोलून दाखवतं. चौथीत मी ते तसंच लोंबकळत ठेवते. फळ्याच्या कोपऱ्यात 'सम रांगांचं काय?' एवढं लिहून ठेवलेलं आठ-आठ दिवस राहतं. तेवढी कळ तुम्हाला सोसायची आहे.

या सगळ्याला दोन तास लागतात, कधी तीन. अभ्यासक्रम कधी पूर्ण होणार असं तुम्ही विचारणारच. या दोन तासांत मुलांनी किती बेरजा केल्या ते मोजा. स्वाध्यायातल्या चाळीस उदाहरणांपेक्षा त्या जास्त भरतील, आणि एकही बेरीज 'करा' म्हणून सांगितलेली नसेल.

प्रश्न निवडताना मी एकच गोष्ट बघते, मुलाला चुकीचा पण समंजस अंदाज बांधायला जागा आहे का? जिन्यात "सम संख्यांचा होत नाही" हा अंदाज चुकीचा आहे, पण मूर्खपणाचा नाही. तो मोडला की पुढचा जन्माला येतो. 'रांगोळीचे ठिपके मोजा आणि तक्ता भरा' यात अंदाजाला जागाच नसते. ते मोजकाम आहे. वाईट नाही, पण त्याला शोध म्हणू नये.

तक्त्याबद्दल माझं जरा वाकडंच आहे. काड्यांनी चौकोनांची आगगाडी करायची, एका चौकोनाला ४ काड्या, दोनाला ७, तिनाला १०. मुलं तक्ता करतात, खाली-खाली बघतात, "तीन-तीन वाढतंय" म्हणतात आणि थांबतात. शंभर चौकोनांना किती, असं विचारलं की बिचारी शंभर ओळींचा तक्ता करायला घेतात. तक्त्याने त्यांची नजर चित्रावरून उठवून आकड्यांवर नेलेली असते. मी तक्ता उशिरा आणते. आधी म्हणते, दहा चौकोनांची गाडी न मांडता काड्या सांगा आणि कशा मोजल्यात ते बोटाने दाखवा. कुणी पहिली उभी काडी वेगळी धरतं आणि मग दर डब्याला तीन. कुणी पहिला चौकोन पुरा चारचा धरतं, पुढच्यांना तीन-तीन. कुणी म्हणतं, प्रत्येकाला चार द्या आणि मधल्या भिंती दोनदा मोजल्या त्या काढा, म्हणजे चाळीसातून नऊ वजा. आणखी कुणी वरच्या दहा, खालच्या दहा, उभ्या अकरा. चारही वाटांनी ३१ येतात. आता शंभरचं उत्तर प्रत्येक जण आपापल्या वाटेने सांगू शकतो, ३०१. पुढे सातवी-आठवीत बीजगणित येईल तेव्हा ३न + १ आणि ४न − (न − १) (न म्हणजे चौकोनांची संख्या) एकच कसे, हे या पोरांना सांगावं लागत नाही, ती दोन्ही वाटांनी चालून आलेली असतात.

मघाच्या विषम संख्यांचंही तेच. फळ्यावरच्या आकड्यांऐवजी एक चिंचोका ठेवा, त्याला काटकोनात तीन चिंचोक्यांची कड लावा, मग पाचाची, मग साताची. चौरस वाढत जाताना दिसतो. दर वेळी दोनच का जास्त लागतात, ते मूल कोपऱ्यावर बोट ठेवून सांगतं. यावर जास्त लिहीत नाही, हे तुम्ही करतच असाल.

आता एक गोष्ट जी मी फार उशिरा शिकले. वर्षातून एकदा तरी मुलांना असा आकृतिबंध द्या, जो फसवतो.

वर्तुळ काढा. परिघावर दोन बिंदू घेऊन जोडा, आतले भाग झाले २. तीन बिंदू, सगळे एकमेकांना जोडा, भाग ४. चार बिंदू, ८ भाग. पाच बिंदू, १६. इथपर्यंत आल्यावर मी विचारते, सहाला किती? सगळा वर्ग एका सुरात ३२ म्हणतो. "काढून बघा." कंपासपेटी उघडते आणि वर्गात भांडण सुरू होतं. कारण काहींचे भाग येतात ३१ आणि काहींचे ३०. बत्तीस कुणाचेच येत नाहीत. पहिल्यांदा सगळ्यांना वाटतं आपलंच मोजायचं चुकलं, परत मोजतात, भागांत खडूने रंग भरतात, तरी बत्तीस होईना.

तीसवाले कोण असतात? ज्यांनी नीटनेटकेपणा केला ते. कंपास त्रिज्येएवढाच ठेवून परिघावर सहा खुणा करायच्या, पाकळ्यांचं फूल काढताना करतो तशा, हे मुलांना येतंच. सहाही बिंदू समान अंतरावर आले की समोरासमोरच्या तीन रेषा बरोबर मधोमध एकाच ठिकाणी छेदतात. ज्यांनी हाताने वेडेवाकडे बिंदू घेतले त्यांच्या मध्यभागी एक बारीकसा त्रिकोण सुटतो, तोच एकतिसावा भाग. हा त्रिकोण सापडतो तेव्हा ३०वाले आणि ३१वाले दोघंही एकमेकांच्या वहीवर वाकलेले असतात.

शिष्यवृत्ती परीक्षेत 'पुढे येणारी संख्या कोणती' असे प्रश्न असतात आणि मार्गदर्शकांत त्याची युक्ती दिलेली असते, शेजारच्या संख्यांतला फरक काढा. युक्ती शिकवा, मुलांचे गुण बुडवायचे नाहीत. पण १, २, ४, ८, १६ याच्यापुढे ३२ही येऊ शकतात आणि ३१ही, हे ज्या मुलाने स्वतःच्या वहीत पाहिलं आहे, ते 'हे आकडे आले कुठून?' असं विचारायला शिकतं.

साहित्य अजिबात नको असेल, पावसाळ्यात वर्ग गळत असेल आणि सगळी पोरं एका कोपऱ्यात बसली असतील, तर कापरेकरांकडे जायचं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचा. नाशिकजवळ देवळालीला १९३० ते १९६२ शाळामास्तर होते. आपल्यासारखेच पाठ घेत, वह्या तपासत आणि उरलेल्या वेळात संख्यांशी खेळत. १९४९ मध्ये त्यांनी मद्रासच्या गणित परिषदेत आपला शोध मांडला. तो असा की चार अंकी कोणतीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं आणि मग तिथेच अडकतं.

मुलांना ६१७४ आधी सांगायचं नाही! हा दागिना आपण हावरटासारखा सुरुवातीलाच दाखवून टाकतो. प्रत्येकाला आपली संख्या घेऊ द्या. जन्मसाल घेणारी बरीच असतात, एकीने आपल्या आईचं घेतलं होतं, १९८५. ९८५१ − १५८९ = ८२६२. मग ८६२२ − २२६८ = ६३५४. ६५४३ − ३४५६ = ३०८७. ८७३० − ०३७८ = ८३५२. ८५३२ − २३५८ = ६१७४. पाच पायऱ्या. शेजारचा वेगळ्या संख्येने निघून तिथेच येतो तेव्हा दोघं एकमेकांची वही खेचतात. हातच्याच्या एवढ्या वजाबाक्या मुलं शिक्षा म्हणूनही करणार नाहीत. शिवाय उत्तर ६१७४ला न जाता भरकटलं तर चूक आपली आपणच शोधतात, माझ्याकडे वही आणत नाहीत.

एक खाचखळगा सांगून ठेवते. एका मुलाने २१११ घेतली. २१११ − १११२ = ९९९. मग ९९९ − ९९९ = ०. "बाई, माझं शून्य आलं, कापरेकर चुकले!" वर्ग खूश. मी काहीच बोलले नाही, 'कापरेकर चुकले' असं फळ्यावर त्याच्या नावानिशी लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्यानेच येऊन सांगितलं की आपण चार अंकी खेळ खेळतोय, मग उत्तर ०९९९ लिहायला हवं. ९९९० − ०९९९ = ८९९१, पुढे ८०८२, ८५३२ आणि ६१७४. डावीकडच्या शून्याला किंमत नसते असं आम्ही त्याला दुसरीत शिकवलं होतं, ते त्याने या खेळापुरतं फिरवलं.

चौथीला मात्र मी दोन अंकांपासून सुरू करते, कारण तिथे 'का' हातात येतं. ५२ − २५ = २७, ७२ − २७ = ४५, ५४ − ४५ = ९. ९ला ०९ म्हणायचं, ९० − ०९ = ८१, ८१ − १८ = ६३, ६३ − ३६ = २७, आणि आलो परत. इथे एका संख्येवर थांबत नाही, गोल फेरी होते: ९, ८१, ६३, २७, ४५. सगळ्या नवाच्या पाढ्यातल्या. का? दशकाच्या काड्यांनी दाखवा. ५२ म्हणजे ५ दांडे २ सुटे, २५ म्हणजे २ दांडे ५ सुटे. एक दांडा सुटा होणं म्हणजे दहाचा एक होणं, नऊ गेले. असे तीन दांडे बदलले, नऊ त्रिक सत्तावीस गेले. तीन अंकांत दर वेळी मधला अंक ९ येतो आणि शेवट ४९५ला होतो. ते का, हे पाचवीतली मुलं थोड्या खटपटीने काढतात. चार अंकांचं 'का' मुलांना झेपणारं नाही आणि तसं सांगायला हरकत नाही. १९७५ मध्ये गणिताच्या कोड्यांवर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर गेलं, हे मुलांना सांगते. शाळामास्तराचं नाव जगात जातं याचं पोरांना फार अप्रूप वाटतं, आणि मलाही.

लहान वर्गांसाठी साहित्य शोधत बसू नका, ते जिभेवरच असतं. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास. दुसरीतल्या मुलांना फक्त ही नावं ओळीने म्हणायला सांगा आणि काय ऐकू आलं ते विचारा. "पुढच्याचं नाव आधीच घेतलंय" असं एका मुलाने सांगितलं होतं. एकोण म्हणजे एक उणा, हे मग सांगायचं. आणि ती एकोणनव्वदपर्यंत गेली की पुढे काय होतं? नियमाने 'एकोणशंभर' यायला हवं, येतं नव्व्याण्णव. काही घरांत ८९लाही नव्व्याऐंशी म्हणतात, त्यावरून वर्गात दोन तट पडतात. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. माझं मत विचाराल तर मुलांना दोन्ही म्हणू द्यावं आणि कोणती पद्धत कुठे अडते ते त्यांनाच शोधू द्यावं. वाद मोठ्यांनी घातला, मजा मुलांची गेली.

आवाजावरचा आणखी एक खेळ, माझा सगळ्यात लाडका. 'ल' म्हणजे एक मात्रा, एक टाळी. 'गा' म्हणजे दोन मात्रा, एक टाळी आणि एक मात्रा थांबायचं. तीन मात्रा किती तऱ्हांनी भरता येतील? ललल, लगा, गाल. तीन. दोन मात्रांच्या दोन, एका मात्रेची एक. चार मात्रांच्या चार असणार, असा अंदाज येतोच, आणि मोजल्यावर पाच निघतात: लललल, ललगा, लगाल, गालल, गागा. पाच मात्रांच्या आठ. वर्ग टाळ्यांनी दणाणतो, शेजारच्या वर्गाच्या बाई डोकावून जातात, ते सोसायचं. मग प्रश्न, शेवटी काय येतंय? शेवटी 'ल' असेल तर आधी चार मात्रांची कुठलीही तऱ्हा, शेवटी 'गा' असेल तर आधी तीन मात्रांची. पाच आणि तीन, आठ. सहा मात्रांच्या मग न मोजता तेरा. नियम सांगितला आणि कारणही सांगितलं, दोन्ही टाळ्यांतून. हे १, २, ३, ५, ८, १३ इटलीच्या फिबोनाचीच्या नावाने ओळखले जातात, त्याचं पुस्तक १२०२चं. आपल्याकडे छंदशास्त्रात हेमचंद्र या जैन पंडिताने बाराव्या शतकात, त्याच्याआधी, याच मात्रांच्या हिशेबात हा नियम दिला होता. आठवी-नववीत वृत्तांची लगावली शिकवताना मराठीच्या शिक्षकांना हे सांगून बघा. त्यांचा आणि आपला तास एकत्र घेता येतो.

आता गोंधळाचं. गोंधळ दोन प्रकारचा असतो. एका गटात तीन मुलं "नाही रे, सहाचा होतो, बघ" म्हणून भांडत असतील तर ते काम चाललं आहे. चिंचोके एकमेकांना मारत असतील तर प्रश्न फार सोपा किंवा फार अवघड झाला आहे, पोरं वाईट नाहीत. सोपा झाला असेल तर "तीसपर्यंत बघा" म्हणायचं, अवघड झाला असेल तर "फक्त तीन रांगांचे जिने करा" म्हणायचं. त्यापलीकडे बोलायचं नाही. गटापाशी गेल्यावर मी हात मागे बांधते. खरंच सांगते, हात मोकळा असला की तो आपोआप चिंचोका सरकवतो.

आणि ज्याला उत्तर आधीच ठाऊक असतं असा एक जण वर्गात असतोच, शिकवणीला जाणारा. तो पटकन सांगून बाकीच्यांचं वाटोळं करतो. त्याला गप्प बसवू नका, त्याला विरोधी वकील करा. दुसऱ्यांच्या दाव्याला तडा देणारी संख्या शोधायची, हे त्याचं काम. जिन्याच्या वेळी अशाच एका मुलाने प्रश्न काढला होता, कोणत्या संख्येचे सगळ्यात जास्त जिने होतात? पंधराचे तीन होतात, ७ + ८, ४ + ५ + ६ आणि १ पासून ५पर्यंत. पंचेचाळीसचे पाच. पुढे तो शनिवारी दुपारी घरी बसून शंभरापर्यंत गेला आणि सोमवारी अर्धी वही भरून आणली. त्याला 'विषम विभाजक' (संख्येला ज्या विषम संख्यांनी पूर्ण भाग जातो त्या) हा शब्द तेव्हाच दिला, त्याच्या आधी नाही.

सुरुवात जिन्यापासूनच करा. दर गटाला वीस दाणे पुरतात, बत्तीसच्या वेळी दोन गट मिळून बसवा. पहिल्या दिवशी फळ्याचा डावा अर्धा भाग मुलांच्या वाक्यांसाठी राखून ठेवा आणि शिपाईमामांना सांगा की तेवढा पुसू नका. चिंचोके मिळाले नाहीत तर मक्याचे दाणे चालतील. वाटाणे नकोत, घरंगळतात, आणि हरभरे तर तास संपेपर्यंत उरत नाहीत.